पेटंटची चतुःसीमा: खुल्या जीआयएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

निफाडकडच्या द्राक्षबागांचं ड्रोनने सर्वेक्षण करून द्यायचं होतं. काम लहान, पैसे बेताचे, करार मात्र सतरा पानांचा. चौदाव्या पानावर एक कलम होतं: या कामात वापरलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमुळे जगात कुठेही, कुणाच्याही पेटंटचा भंग होत नाही अशी हमी काम करणाऱ्याने द्यायची, आणि उद्या तसं निघालंच तर सगळा खर्च त्यानेच सोसायचा. मी पेन काढलं होतं. शेजारी बसलेल्या वकील मित्राने कागद ओढून घेतला आणि विचारलं, "जगात कुठेही म्हणजे किती देश रे? आणि यातलं एक तरी सॉफ्टवेअर तू लिहिलंयस का?"

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याचं काम. त्यासाठीची क्यूजीआयएस, जीडॅल, पोस्टजीआयएस, ओपनड्रोनमॅप ही खुली (ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही बघता-बदलता येतो अशी) सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेतलेली, म्हणजे वापरायला मोकळी, एवढीच माझी समज. बरीच वर्षं नकाशे करत होतो तरी.

त्या दिवशी मला जे माहीत असायला हवं होतं ते इथे लिहितोय. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिकमध्ये गर्दीचे, पार्किंगचे, घाटांचे नकाशे करून देऊ म्हणणारी नवी मुलं बरीच भेटतात. कुणी शेतीतून आलेलं असतं, कुणी मोजणीतून, कुणी नुसतं पायथन शिकून. सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, यात पेटंटचं काही लफडं होईल का?" मी वकील नाही. पण खरेदीखत वाचता येणाऱ्या माणसाला पेटंटही वाचता येतं, असं माझं मत झालंय, आणि पुढचं सगळं त्याच धाग्याने सांगतो.

१. आधी कागद वेगळे करा

कोडवर चार वेगळ्या गोष्टींची सावली असते आणि नवखा माणूस चारही गोष्टींना पेटंट म्हणतो.

कॉपीराइट लिहिलेल्या ओळींचा असतो. तुम्ही दुसऱ्याचा कोड न बघता तेच काम करणारा कोड नव्याने लिहिलात तर कॉपीराइटचा प्रश्न मिटला. पेटंटचा मात्र मिटत नाही. पेटंट ओळींवर नसतं, करण्याच्या पद्धतीवर असतं. सिडकोतल्या खोलीत रात्रभर जागून, कुणाचंही न बघता ती पद्धत तुम्हाला स्वतःला सुचली, तरीही भंग तो भंगच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे अन्यायाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

परवाना म्हणजे कोड लिहिणाऱ्याने दिलेली मोकळीक. पण तो जे त्याचं आहे तेवढंच देऊ शकतो. शेजाऱ्याच्या बांधापलीकडची जमीन तो तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणून "ओपन सोर्स आहे, म्हणजे पेटंटची भीती नाही" हे वाक्य अर्धंच खरं. ट्रेडमार्क नावाचा आणि बोधचिन्हाचा. तो सोडून पुढे जाऊ.

यात एक गोष्ट नाशिककरांना आधीच माहीत असते, ती म्हणजे भौगोलिक मानांकन. लासलगावच्या कांद्याला ते आहे, नाशिक व्हॅली वाइनला आहे. त्याला लोक जीआय म्हणतात आणि आमच्या धंद्याला जीआयएस, त्यामुळे एका सद्गृहस्थांनी मला कांद्याच्या मानांकनाचा अर्ज भरून द्यायला सांगितलं होतं. या लेखापुरता त्याचा संबंध नाही.

डेटाचा परवाना ही अजून वेगळी गोष्ट. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा डेटा ओडीबीएल परवान्याखाली मिळतो; श्रेय द्यायचं आणि सुधारलेला डेटाबेस लोकांसमोर आणलात तर तो त्याच अटींवर खुला ठेवायचा. गुगलच्या नकाशावरून रस्ते गिरवून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकणं चूक आहे, पण ती चूक पेटंटची नाही, गुगलच्या वापराच्या अटींची आणि कॉपीराइटची. माझ्याकडे येणाऱ्यांची निम्मी भीती याच जातीची असते.

२. पेटंट खरेदीखतासारखं वाचा

खरेदीखत हातात आलं की आपण काय वाचतो? पहिल्या पानावरची स्टॅम्पची शोभा नाही. थेट गट नंबर आणि चतुःसीमा: पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला ओहोळ, दक्षिणेला शिवरस्ता. तेवढीच जमीन. बाकी मजकूर कितीही लांब असो.

पेटंटचंही तसंच. शीर्षक भव्य असतं, सारांश त्याहून भव्य, आकृत्या बघून वाटतं की आपलं सगळंच यांनी आधी करून ठेवलंय. तिकडे लक्ष देऊ नका. शेवटी जा. तिथे 'आम्ही दावा करतो' अशा अर्थाच्या शब्दांखाली क्रमांक घातलेले दावे असतात. पेटंट म्हणजे ते दावे. काही दावे स्वतःच्या पायावर उभे असतात, काही 'दावा १ मध्ये सांगितल्याप्रमाणे' असं म्हणून आधीच्या दाव्याला टेकलेले. आधी पायावर उभे असलेले वाचा.

एका दाव्यात समजा पाच गोष्टी आहेत: चित्राचे तुकडे करणं, प्रत्येक तुकड्यावर अमुक गणित, बेरजा सांभाळत जाणं, साठवणं, मागणीप्रमाणे परत जोडणं. भंग व्हायला तुमच्या कोडमध्ये पाचही गोष्टी असाव्या लागतात. चारच असतील तर साधारणपणे तुम्ही बांधाबाहेर आहात. म्हणून कागद घ्या, दाव्याचे तुकडे करून डाव्या बाजूला लिहा, उजव्या बाजूला आपला कोड ते करतो की नाही ते लिहा. एक 'नाही' मिळालं की त्या दाव्यापुरतं पुष्कळ झालं. 'समतुल्य' (तंतोतंत नाही, पण जवळजवळ तेच) म्हणून एक पळवाट पेटंटधारकाच्या बाजूने असते, पण ती नंतर वकिलाने बघायची गोष्ट.

याचं आमच्याच क्षेत्रातलं उदाहरण आहे, आणि ते मी प्रत्येकाला सांगतो. मोठ्या हवाई छायाचित्रांसाठी मिस्टरसिड नावाचा दाबलेला, म्हणजे फाइल लहान करून साठवणारा, फॉरमॅट होता. तंत्र अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जन्मलेलं, लिझर्डटेक कंपनीकडे आलेलं. तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थच्या अर्थ रिसोर्स मॅपिंगने ईसीडब्ल्यू नावाचा दुसरा फॉरमॅट काढला. दोघांचंही गणित वेव्हलेटचं, म्हणजे चित्र लहान लहान लहरींमध्ये मोडून दाबण्याचं. लिझर्डटेकने खटला भरला आणि प्रकरण पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टात जाऊन २००५ मध्ये निकाली निघालं. एका दाव्यात 'बेरजा अद्ययावत ठेवत जाण्याची' पायरी लिहिलेली होती. ईसीडब्ल्यूमध्ये ती पायरी त्या अर्थाने नव्हती, म्हणून त्या दाव्याचा भंग नाही. दुसऱ्या एका दाव्यात ती पायरीच गाळलेली होती, म्हणजे तुकड्यांचे सांधे न दिसणारं वेव्हलेट कुठल्याही रीतीने केलं तरी आमचंच, असा त्याचा अर्थ होत होता. कोर्टाने म्हटलं, तुमच्या वर्णनात रीत एकच सांगितली आहे, तेवढ्यावर सगळ्या रीतींची मालकी मिळत नाही. तो दावा रद्द.

मोजणी केली एका गुंठ्याची आणि सातबारा मागितला अख्ख्या गटाचा, असाच हा प्रकार.

ही उपमा एका ठिकाणी तुटते, तेही सांगायला हवं. जमीन मालकाला कसता येते. पेटंट मिळालं म्हणजे ती गोष्ट करण्याची परवानगी मिळाली असं नाही. दुसऱ्याला अडवण्याचा हक्क तेवढा मिळतो. आणि तो कायमचा नसतो. भारतात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तीही नूतनीकरणाची फी भरत राहिलं तर. फी चुकली की पेटंट गळून पडतं, आणि अशी गळून पडलेली पेटंटं शोधताना पुष्कळ भेटतात.

३. कुठल्या हद्दीतलं ते बघा

मित्राच्या 'किती देश रे' या प्रश्नाचं उत्तर: पेटंट ज्या देशाने दिलं त्या देशापुरतं. दिंडोरी तालुक्यातला सातबारा दाखवून सिन्नरमध्ये कुणी हद्द मागत नाही, तसंच अमेरिकेचं पेटंट नाशिकमध्ये बसून केलेल्या आणि नाशिकमध्येच वापरलेल्या कामाला लागू होत नाही. त्याच शोधासाठी भारतात वेगळा अर्ज करून पेटंट घेतलंय का, हा खरा प्रश्न.

भारतात सॉफ्टवेअरच्या बाबतीत आणखी एक भिंत आहे. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ च्या 'के' उपकलमात गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्रॅम यांना शोध मानलेलं नाही. सगळी भांडणं त्या 'निव्वळ' शब्दावर आहेत. २००४ च्या शेवटी सरकारने अध्यादेश काढून हे कलम सैल करून पाहिलं होतं. २००५ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा तो बदल गळाला आणि जुनेच शब्द राहिले. पुढे २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात म्हटलं की शोधात संगणक प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून नकार देता येणार नाही, 'तांत्रिक परिणाम' बघा, म्हणजे प्रोग्रॅममुळे यंत्राच्या कामात खरोखर काही फरक पडतो का ते. म्हणजे भिंत आहे, पण तिला दार आहे. भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही असं छातीठोकपणे सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

युरोपात ६ जुलै २००५ रोजी युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटचा निर्देश (सगळ्या सदस्य देशांसाठीच्या कायद्याचा प्रस्ताव) ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. तरी तांत्रिक परिणामाच्या वाटेने तिथेही पेटंट मिळतात. अमेरिकेत पुष्कळ मिळतात, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अ‍ॅलिस निकालानंतर 'जुनीच कल्पना, संगणकावर केली' एवढ्यावर टिकत नाहीत.

मग आपल्यासाठी काय? द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅमला गेला म्हणून बागेचा नकाशा करणारा अल्गोरिदम त्यात बसून जात नाही. पण तुम्ही अ‍ॅप केलंत, ते अमेरिकेतल्या ग्राहकाला विकलंत, किंवा तिथल्या सर्व्हरवर चालवून तिथल्या लोकांना दिलंत, तर त्या देशाची हद्द तुम्हाला लागू होऊ शकते. कामाच्या सुरुवातीलाच एका ओळीत लिहून ठेवा: कोड कुठे चालणार, कुणाला दिला जाणार, पैसे कुठून येणार.

विद्यार्थ्यांसाठी वेगळं सांगतो. आपल्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये निव्वळ प्रयोग, संशोधन आणि शिकवण्यासाठीच्या वापराला मोकळीक आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी झोप उडवून घेऊ नका. तोच प्रोजेक्ट पुढे अंबडच्या एखाद्या कारखान्याला विकायला काढलात, की मग हा लेख परत वाचा.

४. आपल्या कामाची साखळी मांडा

आता पेन्सिल घ्या. एका कामात फोटोपासून ग्राहकाच्या मोबाइलपर्यंत काय काय होतं ते ओळीने लिहा. माझ्या बागेच्या कामाची साखळी अशी होती: ड्रोनचे फोटो, फोटोंमधल्या समान खुणा जुळवणं, त्यातून ऑर्थोमोझाइक (सगळे फोटो जोडून मापात बसवलेलं एकच चित्र), ते दाबून साठवणं, तुकडे करून वेबवर दाखवणं. या प्रत्येक कडीखाली काहीतरी गाडलेलं निघालं.

खुणा जुळवणं. यासाठी सगळ्यात नावाजलेली पद्धत सिफ्ट. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या डेव्हिड लोव यांची, अमेरिकी पेटंट विद्यापीठाच्या नावे. त्यामुळे ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या खुल्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) सिफ्टला कित्येक वर्षं 'नॉनफ्री' या वेगळ्या कप्प्यात ठेवलं होतं. ड्रोनचे फोटो जोडणाऱ्या ओपनएसएफएमने हाहॉग नावाची दुसरी वाट ठेवली. ओपनड्रोनमॅप चालवताना तो शब्द पडद्यावर बघून मी हसायचो, तो तिथे का आहे हे मला माहीत नव्हतं. मार्च २०२० मध्ये सिफ्टचं पेटंट संपलं आणि त्याच वर्षी ओपनसीव्हीने ते मुख्य घरात आणलं. म्हणजे २०१८ ची एखादी शिकवणी वाचून आज कुणी सिफ्ट टाळत असेल, तर तो मेलेल्या सापाला घाबरतोय.

दाबून साठवणं. इथला किस्सा सगळ्यात जुना. एलझेडडब्ल्यू ही दाबण्याची पद्धत. अर्ज १९८३ चा, पेटंट नंतर युनिसिसकडे. कॉम्प्युसर्व्हने १९८७ मध्ये जिफ फॉरमॅट याच पद्धतीवर काढला, सगळ्या जगाने वापरला, आणि १९९४ च्या शेवटी परवान्याच्या पैशांची मागणी आली. त्या रागातून पीएनजी जन्माला आला. आमच्याकडे फटका टिफ या चित्रांच्या फॉरमॅटला बसला: टिफ फाइल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लिबटिफ लायब्ररीने एलझेडडब्ल्यूने दाबण्याची सोय मूळ पॅकेजातून काढून टाकली होती. अमेरिकेतलं पेटंट जून २००३ मध्ये संपलं, युरोपातल्या काही देशांतलं आणि जपानचं २००४ मध्ये. तीच पद्धत, तोच मालक, आणि हद्द बदलली की मुदत बदलली. आज जिओटिफ (ठिकाणाची माहिती सोबत ठेवणारी टिफ) एलझेडडब्ल्यूने किंवा डिफ्लेट या दुसऱ्या पद्धतीने खुशाल दाबा.

मिस्टरसिडचं काय? वरच्या खटल्यातल्या पेटंटचा अर्ज १९९५ चा, तेव्हा तेही संपलं. तरी जीडॅलमध्ये ती फाइल उघडायला कंपनीचा एसडीके (कंपनीने दिलेला जोडकोड) लागतो आणि त्याच्या स्वतःच्या अटी असतात. ईसीडब्ल्यूचंही तसंच. पेटंट गेलं, परवाना राहिला. सरकारी कचेरीतून जुनी मिस्टरसिड फाइल आली तर मी ती एकदाच जिओटिफमध्ये बदलून घेतो आणि पुढे तिचं नाव काढत नाही.

तुकडे करून दाखवणं. गुगलला २००७ मध्ये 'डिजिटल मॅपिंग सिस्टिम' नावाचं अमेरिकी पेटंट मिळालं. हे नाव वाचून एका मुलाने लीफलेट ही वेबवर नकाशे दाखवणारी लायब्ररी वापरणंच सोडायची तयारी केली होती. त्याला म्हटलं, मायक्रोसॉफ्टची टेरासर्व्हर ही साइट १९९८ पासून हवाई छायाचित्रांचे चौकोनी तुकडे ब्राउझरला देत होती, तेव्हा नुसते तुकडे करणं ही कुणाची जहागीर असणार नाही. दावा काढ, तुकडे पाड, उजवीकडे लिही. त्याने दोन तास घालवले. घाबरून वापर सोडण्यापेक्षा ते दोन तास स्वस्त.

५. परवान्यात पेटंटचं वाक्य आहे का

हे काम दहा मिनिटांचं आहे आणि तरी कुणी करत नाही.

अपाचे २.० परवान्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलंय: कोडमध्ये भर घालणारा आपल्या त्या भरीपुरत्या पेटंटची मोकळीक देतो. आणि तुम्ही त्याच कोडवरून कुणावर पेटंटचा खटला भरलात तर तुमची मोकळीक जाते. सीझियम या त्रिमितीय ग्लोबचा परवाना हा. जीपीएल ३ आणि एजीपीएल ३ या परवान्यांमध्येही पेटंटचं कलम आहे. ओपनड्रोनमॅप एजीपीएलखाली येतं. जीपीएल २ जुना, त्यात वेगळीच युक्ती: पेटंटमुळे तुम्हाला कोड मोकळेपणाने पुढे देता येणार नसेल तर मुळीच देऊ नका. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस 'जीपीएल २ किंवा पुढचा' या गटात. एमआयटी आणि बीएसडी हे परवाने पेटंटबद्दल गप्प. जीडॅल, लीफलेट, ओपनलेयर्स इथे येतात. गप्प म्हणजे धोका असं समजू नका. जीडॅल वीसहून जास्त वर्षं उघड्यावर आहे, आणि त्या उघडेपणाचा उपयोग पुढे सांगतो.

स्वतःचं प्लगइन (मोठ्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) खुलं करताना परवाना निवडायचा असेल, आणि गाभ्यातल्या सॉफ्टवेअरची सक्ती नसेल, तर मी अपाचे २.० सुचवतो. क्यूजीआयएसच्या प्लगइनला मात्र जीपीएलशी जुळणारा परवाना लागतो. अपाचे २.० जीपीएल २ शी जुळत नाही, जीपीएल ३ शी जुळतो. तिथे सरळ 'जीपीएल २ किंवा पुढचा' घ्या आणि मोकळे व्हा.

नोकरी करत असाल तर आणखी एक प्रश्न: तुमच्या करारात 'नोकरीच्या काळात सुचलेलं सगळं कंपनीचं' असं आहे का? असेल तर खुल्या प्रकल्पात कोड पाठवण्याआधी साहेबांची लेखी परवानगी घ्या. २००६ मध्ये स्थापन झालेल्या, खुल्या जीआयएस प्रकल्पांना एकत्र आणणाऱ्या ओएसजिओ या संस्थेत नवा प्रकल्प दाखल होताना कोड कुठून आला याची तपासणी होते, आणि अशा ठिकाणी तुमच्या नावापुढे प्रश्नचिन्ह नको.

६. तारीख बाहेरच्या घड्याळाची हवी

पेटंट मिळायला शोध नवा असावा लागतो. अर्जाच्या, किंवा अर्जदाराने धरलेल्या आधीच्या प्राधान्य तारखेपूर्वी (त्याच शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपूर्वी) तीच गोष्ट जगात उघड झालेली असेल तर पेटंट टिकत नाही. यालाच प्रायर आर्ट म्हणतात, आणि खुल्या समुदायाचं खरं हत्यार हेच आहे.

बर्लिनच्या आर्ट+कॉम या संस्थेने २०१४ मध्ये गुगलवर खटला भरला: गुगल अर्थ आमच्या पेटंटवर चाललंय. पृथ्वीवरून फिरत, जवळ जाऊ तसतसे बारीक तुकडे आणणारी त्यांची टेराव्हिजन ही कलाकृती १९९४ ची. पण अमेरिकेतल्या एसआरआय संशोधन संस्थेनेही तशीच प्रणाली केलेली निघाली, तिचंही नाव टेराव्हिजनच, आणि ती १९९५ च्या सिग्राफ या संगणकीय चित्रांवरच्या परिषदेत लोकांसमोर दाखवलेली होती. ज्युरीने २०१६ मध्ये गुगलच्या बाजूने कौल दिला, अपील कोर्टाने २०१७ मध्ये पेटंट रद्दच राहू दिलं. एकविसाव्या वर्षी एक जुनं प्रात्यक्षिक कामाला आलं, कारण ते कधी आणि कुणासमोर झालं हे सांगता येत होतं.

तुम्हालाही ते सांगता आलं पाहिजे. इथे एक बारीक गोष्ट आहे. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातल्या कमिटची (प्रत्येक नोंदीची) तारीख तुमच्याच संगणकाच्या घड्याळाची असते. ती कुणालाही मागेपुढे करता येते. घरच्या वहीत 'आज बांध घातला' लिहिणं आणि तलाठ्याकडे फेरफार नोंदणं, एवढा फरक. म्हणून नवी पद्धत जमली की पाच गोष्टी करा. आवृत्तीचा टॅग लावून कोड सार्वजनिक ठिकाणी ढकला. त्याची प्रत झेनोडो या फुकट संशोधन-साठ्यावर ठेवून डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्या. प्रकल्पाचं पान वेबॅक मशीन या जुनी वेबपानं तारखेसह जपणाऱ्या साइटवर जतन करा. पद्धत कशी चालते हे साध्या भाषेत दोन पानं लिहा, कारण पेटंट तपासणारा अधिकारी तुमचा सी++ वाचत बसणार नाही. आणि ती दोन पानं इंग्रजीतही ठेवा. मराठीतलं प्रकाशनही कायद्याने प्रकाशनच आहे, पण शोधणाऱ्याला ते सापडायला हवं.

याची दुसरी धार विसरू नका: स्वतःलाच भारतात पेटंट घ्यायचं असेल तर अर्जाआधी उघड केलेलं तुमच्याच विरुद्ध जातं. आधी ठरवा, मग प्रकाशित करा.

७. शोध घ्या, पण गावभर फिरू नका

गुगल पेटंट्स, युरोपचं एस्पासनेट आणि भारतासाठी पेटंट ऑफिसचं इनपास. तिन्ही फुकट. नुसत्या शब्दांनी शोधलंत तर हजारो निघतील, म्हणून वर्गीकरणाचे क्रमांक वापरा: भौगोलिक माहितीच्या डेटाबेससाठी जी०६एफ १६/२९, दिशादर्शनासाठी जी०१सी २१, नकाशांसाठी जी०९बी २९. शोधताना हे क्रमांक रोमन लिपीत टाकायचे, हे सांगायला नको.

मिळालेल्या पेटंटच्या चार गोष्टी वहीत उतरवा: देश, प्राधान्य तारीख, जिवंत आहे की फी न भरल्याने संपलंय, आणि पहिला स्वतंत्र दावा. भारतीय पेटंट जिवंत आहे का हे ई-रजिस्टरमध्ये दिसतं.

अमेरिकेत काम करणारे काही जण पेटंट मुळीच वाचू नका म्हणतात, कारण माहीत असून भंग केला तर तिथे नुकसानभरपाई तिपटीपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेत माल विकणाऱ्या कंपनीत असाल तर आधी तिच्या वकिलाला विचारा. नाशिकमध्ये बसून नाशिकचं काम करणाऱ्याने वाचावं, असं माझं मत.

आणि कुणी सादरीकरणात 'आमचं पेटंटेड तंत्रज्ञान' म्हणून गर्दीचा नकाशा दाखवला तर सौजन्याने क्रमांक विचारा. 'पेटंट पेंडिंग' म्हणजे फक्त अर्ज केलाय. त्याने अजून कुणाला अडवता येत नाही. पेटंट नसताना 'पेटंटेड' म्हणणं आपल्या कायद्याच्या कलम १२० प्रमाणे दंडाला पात्र आहे. क्रमांक विचारल्यावर काही सादरीकरणं लवकर आटपतात, हा अनुभव.

८. जाहीर नोटीस आणि हरकत

जमिनीचा व्यवहार ठरला की वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते: कुणाचा हक्क असेल तर अमुक दिवसांत कळवा. पेटंटच्या बाबतीत हीच सोय कायद्यात आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. भारतातला अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. तेव्हापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कलम २५(१) खाली कोणीही हरकत घेऊ शकतं. तुमचा धंदा त्यात अडकलेला असण्याची गरज नाही. फॉर्म ७ए, सोबत पुरावे. २०२४ च्या नियमबदलानंतर त्याला फी लागते आणि हरकत ग्राह्य आहे का हे कंट्रोलर (पेटंट ऑफिसचा अधिकारी) आधी तपासतो. मंजुरी प्रकाशित झाल्यापासून एक वर्षाच्या आत दुसरी हरकत घेता येते, पण ती फक्त हितसंबंध असलेल्याला.

हरकतीत 'हे तर सगळ्यांना माहीत आहे' असं लिहून उपयोग नसतो. दाव्यातला प्रत्येक तुकडा कुठल्या तारखेच्या, कुठल्या जुन्या कागदात, कुठल्या पानावर आहे ते दाखवावं लागतं. दुसऱ्या पायरीतला तोच दोन रकान्यांचा कागद, फक्त उजवीकडे आपल्या कोडऐवजी जुना पुरावा.

९. पत्र आलंच तर

उत्तर लगेच देऊ नका. मेलवर 'हो, आम्ही तसंच करतो पण' असं तर मुळीच नको. पेटंट क्रमांक आणि नेमका कुठला दावा, हे पत्रात नसेल तर ते पत्र वजनाने हलकं आहे. देश बघा, मुदत बघा, रकाने भरा, आणि मग पेटंटचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. फौजदारी करणाऱ्या मामांकडे नको. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम १०६ खाली आपल्यालाच कोर्टात जाता येतं, हे वकिलाला आठवण करून द्या.

मूळ खुल्या प्रकल्पालाही कळवा, पण सार्वजनिक चर्चेत नाही, प्रकल्पाच्या समितीला खासगीत. तुम्ही एकटे नसण्याची शक्यता बरीच असते. २००९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने दिशादर्शनाची उपकरणं करणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर आठ पेटंटांचा खटला भरला. काही गाडीतल्या दिशादर्शनाची, तीन लिनक्स या खुल्या प्रणालीवरच्या फॅट नावाच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीशी संबंधित. पुढच्याच महिन्यात टॉमटॉम ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये सामील झाली आणि महिनाअखेर समझोता झाला. २००५ मध्ये आयबीएम, रेड हॅट, सोनी वगैरेंनी उभारलेला हा गट आहे; सदस्य एकमेकांवर लिनक्स प्रणालीच्या कक्षेत पेटंट चालवत नाहीत. दोन माणसांच्या कंपनीलाही सामील होता येतं.

१०. आणि करारातलं ते कलम

नवख्याला पेटंटधारकाचं पत्र येण्याची शक्यता कमी. असं कलम सहीसाठी समोर येण्याची शक्यता जास्त. आम्ही त्यात चार बदल मागितले. 'जगात कुठेही' ऐवजी 'भारतात'. 'कोणत्याही सॉफ्टवेअरमुळे' ऐवजी 'काम करणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या कोडमुळे', आणि खुल्या सॉफ्टवेअरची नावं, आवृत्त्या व परवाने जोडपत्रात. 'भंग होत नाही' ऐवजी 'आमच्या माहितीप्रमाणे भंग होत नाही'. आणि 'सगळा खर्च' ऐवजी 'या कामाच्या मोबदल्याइतक्या रकमेपर्यंत'.

समोरून दोन दिवस काही आलं नाही. मग त्यांच्या माणसाचा फोन आला, की हे कलम कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून आलंय आणि त्याच्याकडे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. चारही बदल मान्य झाले. जोडपत्र तयार करायला माझी एक संध्याकाळ गेली. तेव्हापासून तीच फाइल प्रत्येक कामाला नव्या तारखेने लावतो. ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेवरून ड्रोन उडाला.